बाळ धरणारी मावशी

लेसर काय, कुणीही चालवेल. बाळ धरणं फक्त मावशीला जमतं, असं मॅडम म्हणायच्या. मॅडम म्हणजे आमच्या त्वचा विभागाच्या मोठ्या डॉक्टर. कौतुक करण्याच्या बाबतीत बाईंचा हात फार आखडता, पण हे वाक्य त्या दर नव्या विद्यार्थ्याला ऐकवायच्या. मावशी तेव्हा कोपऱ्यात चादरीची घडी घालत असायची. ऐकूच आलं नाही असा चेहरा करायची, पण तिचे कान लाल व्हायचे.

मी त्या खोलीत नऊ वर्षं सिस्टर होते. मशीनवरचे आकडे, केसपेपर, मलमं हे माझं खातं. मावशीची जी हकीकत सांगते आहे त्यातली अर्धी माझ्या डोळ्यांदेखत घडली. उरलेली तिने मला दुपारच्या चहाला, जिन्याच्या पायरीवर बसून सांगितली, आणि सांगताना स्वतःला कुठेही सूट दिली नाही.

आमची खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. खिडकीला काळा कागद, दारावर लाल दिवा. दिवा पेटला की आत कुणी यायचं नाही. मध्ये उंच टेबल, शेजारी छोट्या फ्रिजएवढं मशीन आणि भिंतीला खुंट्यांवर टांगलेले रंगीत चष्मे. तिथे यायची ती बाळं. कुणाच्या गालावर, कुणाच्या कपाळावर बीट चोळल्यासारखा लालजांभळा डाग. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच फुगलेल्या असतात, त्याचा हा डाग. तो आपोआप जात नाही. मूल वाढतं तसा तोही वाढतो, गडद होतो, पुढे जाड होतो. लेसरचा उजेड त्या लालीत शिरून वाहिनी आतल्या आत बंद पाडतो. हे जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं, कारण पहिल्या काही महिन्यांत बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते आणि बाळ धरूनही ठेवता येतं. वर्ष उलटलं की ते लाथा मारतं, मग भूल द्यावी लागते.

धरायचं म्हणजे कसं, तर आधी बाळाला चादरीत गुंडाळायचं. हात आत, पाय आत, फक्त चेहरा बाहेर. मग डोळ्यांवर इवल्याशा झाकण्या लावायच्या. मावशी टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी राहायची, दोन्ही तळवे बाळाच्या कानांवर, अंगठे कपाळाच्या कडेला, कोपरं टेबलाला टेकलेली. मॅडम मशीनचा दांडा डागावर धरायच्या. फुस्स करून गार वाफ यायची आणि लगेच टक् करून पिवळा लखलखाट. फुस्स-टक्, फुस्स-टक्. ताणलेलं रबर सुटून लागावं तेवढंच दुखतं, असं मॅडम बाळाच्या आईला समजवायच्या. रबर शंभर वेळा लागलं तर किती दुखतं, हे कुणी विचारत नसे.

बाळ किंचाळायचं. सुन्न करणारं मलम असे, पण इतक्या लहान जिवाला ते थोडंच लावता येतं. डोकं बोटभर हललं तरी ठिणगी भलतीकडे पडणार. म्हणून धरणं आलं. आणि धरणं म्हणजे दाबणं नव्हे, असं मावशी म्हणायची. दाबलं की बाळ जोर करतं. आपला हात भिंतीसारखा राहिला, तर ते जोर करायचं सोडून देतं. आत येण्याआधी ती गरम पाण्याखाली हात धरून ऊब आणायची. नखं इतकी कापलेली की बोटांची टोकं दुखत असतील. पाच मिनिटांचं काम असो की पंधरा, तिचे हात हलले नाहीत.

हे सगळं ती शिकली कुठे? कुठेच नाही. ट्रक चालवणारा नवरा मुलगा तीन वर्षांचा असताना अपघातात गेला. तेव्हा ती इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. दिवसभर चादरी पिळायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. एकदा वर चादरी पोचवायला आली, तर आत दोन डॉक्टर, एक सिस्टर आणि एक बाप मिळून चार महिन्यांच्या एका पोराला आवरत होते, आणि पोर सगळ्यांना पुरून उरलं होतं. हिने हातातली एक चादर झटकली, पोराचं बोचकं केलं आणि डोकं धरलं. मॅडम तेव्हा तरुण होत्या. काम संपल्यावर म्हणाल्या, "बाई, उद्यापासून वर या." धुलाईघरचा मुकादम महिनाभर कुरकुरत होता.

या गुणाचं फळ म्हणजे मावशी आमच्या मजल्याची खलनायिका झाली. डोळे झाकायच्या आधी बाळाला शेवटचा दिसायचा तो हिचा चेहरा, आणि झाकण्या काढल्यावर पहिला दिसायचा तोही हिचाच. मॅडम बिचाऱ्या मास्क-चष्म्याआड. तिसऱ्या खेपेपासून बाळं हिला ओळखायला लागत. लांबून निळा एप्रन दिसला की सूर लावत. आयांचंही तेच. डाग फिका झाला की मॅडमना हात जोडायच्या, त्यांना फुलं आणायच्या. मावशीकडे मात्र बघायच्याही नाहीत. एकदा बसथांब्यावर दोन वर्षांची एक मुलगी हिला पाहून अशी किंचाळली की माणसं गोळा झाली. तिची आई हिला ओळखत होती, तरी पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून निघून गेली. मावशीने हे मला हसत हसत सांगितलं. "सिस्टर, माणसं ओळखपत्र गळ्यात घालून हिंडतात. माझं असं ओरडत येतं."

तिच्या हसण्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. घरीही ती असंच हसत सांगायची, आणि तिथेच सगळं बिघडलं.

घर म्हणजे दोन खोल्या. मुलगा वीजमीटर दुरुस्त करायचा. सूनबाई एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. दिवसभर लोक कानात ओरडायचे आणि हिने "आपल्या अडचणीबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं. मुलगी गुणी, सासूला आई म्हणणारी, दोघींचं छान जमायचं. जेवताना मावशी दिवसभराच्या गोष्टी सांगायची. बाळांना तिने पदव्या दिलेल्या होत्या. एक पैलवान, एक वकीलसाहेब, एक गाणारी बाई. "आज वकीलसाहेबांनी कोर्ट डोक्यावर घेतलं हो! शेवटी घसा बसला, तरी तोंड उघडंच. नुसती हवा." असं म्हणून ती नक्कलही करून दाखवायची. मुलगा पोट धरून हसायचा. सूनबाईला तेव्हा सातवा महिना होता. ती ताटावरून हात उचलायची आणि पाणी प्यायची.

"मला वाटायचं, ऐकण्यात रंगली आहे," मावशी मला म्हणाली. "आपण काय पेरतोय हे आपल्याला कुठे दिसतं?"

नात झाली. डाव्या कपाळावर, पापणीवर आणि गालाच्या वरच्या भागावर डाग होता, अगदी आमच्या खोलीतला.

ज्या बाईने आयुष्यभर परक्यांची असली बाळं हाताळली, तिच्याच घरी हे यावं, यावर नातेवाईक बोलायचे ते बोललेच. कुणी म्हणालं, रोज ते बघून आलं. कुणी म्हणालं, सुनेने पोटुशी असताना ऐकलं म्हणून झालं. मावशीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिला माहीत होतं की ते कशामुळेही होत नाही आणि कुणाचा दोषही नसतो. उलट ती मनातून निश्चिंत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने मला सांगितलं, "सिस्टर, पुढच्या महिन्यातली तारीख धरून ठेवा. आपलं गिऱ्हाईक आहे." तारीख मी लिहून ठेवली.

त्या तारखेला मावशी एकटीच आली. तोंड पडलेलं.

घरी तिने विषय काढला तेव्हा सूनबाई बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही, आई. मी तिला तिथे नेणार नाही."

"अगं, वेडी आहेस का? आत्ता कातडी पातळ आहे. आत्ता सुरू केलं तर—"

"तुम्हीच सांगायचात ना, कसं ओरडतात ते? घसा बसतो, तोंड उघडं राहतं, नुसती हवा येते. तुम्ही हसायचात आई. मी विसरले नाहीये."

"हसायचे ते असंच गं. बोलायचं म्हणून."

"मोठी झाली की तिला हवं तर ती करून घेईल. भूल देऊन. माझ्या लेकीला कुणी बांधून टेबलावर ठेवलेलं मला चालणार नाही. तुम्हीसुद्धा."

तो शेवटचा शब्द मावशीला लागला. मुलाकडे पाहिलं, तर तो कुठल्याशा मीटरचं झाकण खोलून बसला होता. म्हणाला, "आई, तिचं मूल आहे. घाई कशाला?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. परमुलखातून बायका बाळं घेऊन हिच्या हातांपर्यंत यायच्या, आणि हिच्या नातीला त्या खोलीचं दार ओलांडता येत नव्हतं.

तरी दोन महिन्यांनी तिने परत तोंड उघडलं. या वेळी डागासाठी नव्हे. वीसेक वर्षांत तिने मॅडमना शेकडो आयांना एक गोष्ट बजावताना ऐकलं होतं, की डाग कपाळावर आणि पापणीवर असेल तर डोळा तपासून घ्या, आतलं प्रेशर वाढू शकतं, तान्ह्या बाळालाही काचबिंदू होतो. मावशीने हे सुनेला सांगितलं. "लेसर नको तर नको. पण डोळ्याच्या डॉक्टरला एकदा दाखव."

सूनबाईला वाटलं, आडवळणाने परत तेच. तिला इस्पितळात न्यायचं आणि मग टेबलावर चढवायचं. ती वैतागून म्हणाली, "आई, तुम्ही डॉक्टर आहात का? चादर गुंडाळता तुम्ही."

चादर गुंडाळता!  मावशीने कानाला खडा लावला. आता या घरात या विषयावर एक अक्षर बोलणार नाही, असं ठरवलं आणि पाळलं.

मी तिला म्हटलं होतं, मॅडमना सांगूया, त्या फोन करतील. ती म्हणाली, "नको. माझ्या घरचं मी बघेन." मीही मग सोडून दिलं. माझ्या डोक्याला कामं थोडी होती का? हा माझा वाटा, तो मी लपवत नाही.

चौथ्या महिन्यात बाळाचा डावा डोळा टपोरा दिसायला लागला. येणारा जाणारा कौतुक करायचा, काय डोळे आहेत, गोटीसारखे! तिचं नावच गोटी पडलं. उजेडात गेली की ती डोळे मिटून घ्यायची, पाणी यायचं. लाजते, असं सगळे म्हणायचे. मावशी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि दोन्ही डोळे आळीपाळीने बघायची. डावं बुबुळ उजव्यापेक्षा मोठं होतं, आणि सकाळच्या उजेडात त्यावर काचेवर फुंकर मारल्यासारखं धुकं दिसायचं. तिला शंका आली, नाही असं नाही. पण "चादर गुंडाळता" हे शब्द आडवे येत होते. उद्या सूनच येऊन विचारेल, असं ती रोज म्हणायची. रोजच्या रोज तो उद्या पुढे जायचा.

सूनबाईच्याही मनाला चैन नसणार. सहाव्या महिन्यात ती बाळाला घेऊन एका सौंदर्य केंद्रात गेली. तिच्या कामाच्या जागेजवळच होतं. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर ढगांची चित्रं आणि बाहेर पाटी, 'वेदनारहित लेसर'. तिथली बाई गोड बोलली. म्हणाली, बांधायची काही गरज नाही, तुमच्याच मांडीवर बसू दे. ते मशीन होतं बायकांच्या हातापायांवरचे केस काढायचं. लेसर तेवढं सगळं एक, असं सूनबाईला वाटलं. तिने घरी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गालावर फोड आले. पाचव्या दिवशी त्यात पू झाला. आठव्या दिवशी मुलगा आणि सून बाळाला घेऊन आमच्या मजल्यावर आले. मावशी तेव्हा दुसऱ्याच एका बाळाला चादरीत गुंडाळत होती. तिने दारातून पाहिलं. हातातलं बाळ पूर्ण गुंडाळलं, त्याचं काम होईपर्यंत त्याचं डोकं धरलं, त्याला त्याच्या आईच्या हाती दिलं आणि मगच बाहेर आली.

मॅडमनी गालावरची पट्टी काढली, जखम पाहिली. मग त्यांनी खिशातली बॅटरी काढून डोळ्यांवर धरली. एकावर, दुसऱ्यावर, परत पहिल्यावर.

"हा डोळा असा कधीपासून आहे?"

सूनबाई म्हणाली, "तिचे डोळे मोठेच आहेत. म्हणून तर गोटी म्हणतो."

"डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं होतं?"

"नाही."

मॅडम मावशीकडे वळल्या. आवाज चढवायची त्यांची रीत नव्हती, म्हणून जास्तच लागलं. "मावशी, हे मूल तुमच्या घरात होतं. तुम्ही वीस वर्षं या खोलीत उभ्या आहात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

 मला वाटलं, आता मावशी म्हणेल, मी सांगितलं होतं, हिने ऐकलं नाही. मी वाट पाहत होते. तिने ते म्हटलं नाही. सूनबाईच म्हणाली. खाली बघून, फोनवर बोलतात तसल्या सपाट आवाजात.

"त्यांनी सांगितलं होतं. एकदा. मग परत सांगितलं नाही."

 त्यात खोटं काय होतं? बाळ बॅटरीचा उजेड टाळत आईच्या खांद्यात तोंड खुपसत होतं.

डोळ्याच्या विभागात त्याच दिवशी प्रेशर मोजलं. उजव्याच्या अडीचपट निघालं. आठवड्यात पहिलं ऑपरेशन, दोन महिन्यांनी दुसरं. असा डाग कधी कधी आत मेंदूवरही असतो, म्हणून मेंदूचाही फोटो काढला, तो सुदैवाने स्वच्छ आला. डोळा राहिला, नजर बरीचशी गेली. उजेड कळतो, समोर हललेला हात कळतो, त्यापुढे नाही. तीन महिने आधी आलो असतो तर? असं मुलाने डोळ्याच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आता त्याचा विचार करू नका." याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळतो. त्या दिवसापासून घरात गोटी हा शब्द कुणी उच्चारला नाही.

जखम भरल्यावर गालावर पांढुरका, सुरकुतलेला व्रण उरला. त्याच्याभोवतीचा डाग तसाच होता, उलट गडद झाला होता. आता सूनबाई स्वतःहून म्हणाली, "लेसर करूया." मूल अकरा महिन्यांचं. डोळ्यासाठी दोनदा भूल दिलेली, म्हणून भूल देणारे डॉक्टर म्हणाले, लेसरसाठी दर दोन महिन्यांनी भूल नको, धरूनच करा.

मावशीने मॅडमना सांगितलं, "मी नाही धरणार हिला. दुसरं कुणी बघा." मॅडमनी दुसऱ्या वॉर्डातली एक जुनी आया बोलावली. जाडजूड, अनुभवी बाई. तिने जोराने डोकं दाबलं. पोरीने अशी काही मान फिरवली की ठिणगी केसांच्या रेषेत गेली आणि जळक्या केसांचा वास खोलीभर पसरला. मॅडमनी दांडा बाजूला केला. "असं चालणार नाही. आणखी एक व्रण द्यायचाय का हिला?"

मावशी भिंतीशी उभी होती. तिने नळाखाली हात गरम केले आणि टेबलाच्या डोक्याशी आली. "सर बाजूला," त्या बाईला म्हणाली.

पोरीने आजीचा चेहरा पाहिला. ओळखीचा चेहरा दिसला म्हणून क्षणभर रडायची थांबली, आणि हसलीसुद्धा. मावशीने झाकण्या लावल्या. फुस्स-टक्. अठ्ठ्याहत्तर ठिणग्या, मी मशीनवर बघत होते. मावशीचे हात हलले नाहीत. तिच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं, ते बाळाच्या चादरीवर पडू नये म्हणून तिने मान तेवढी वाकडी केली होती.

दुसऱ्या खेपेला पोर हिच्याकडे संशयाने बघत होती. तिसऱ्या खेपेनंतर मावशी घरात शिरली, की ती रांगत दुसऱ्या खोलीत जायची आणि दाराआडून सूर लावायची. मावशीने सगळे उपाय केले. एप्रन इस्पितळात ठेवून जाई. साबण बदलला. केसांना वेगळं तेल लावलं. आवाज बारीक काढून बोलून पाहिलं. मुलाने हसवायला म्हणून म्हटलं, "आई, मिशा लावून बघ." कुणी हसलं नाही. पोर ओळखायची ती हातांना. ते कुठे ठेवून येणार?

संध्याकाळी कामावरून आल्यावर ती जिन्यात बसून राहायची. आत पोरीचं खाणं व्हायचं, मग ही शिरायची. एक दिवस मुलगा तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "आई, उपचार संपेपर्यंत तू दुसरीकडे राहिलीस तर? ती दचकून उठते गं. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रडून रडून प्रेशर वाढायला नको." तिला घराबाहेर काढायचं म्हणून तो बोलत नव्हता. खाली मान घालून, एकेक शब्द जोडत बोलत होता. म्हणून तर तिला भांडताही येईना. त्याच आठवड्यात ती इस्पितळामागच्या कर्मचारी बायकांच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. एक खाट, एक खुर्ची, भिंतीत कपाट.

उपचार संपेपर्यंत म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. तेरा खेपा झाल्या. पोर मोठी झाली तेव्हा शेवटच्या काही खेपा भूल देऊन झाल्या. भूल दिलेलं मूल कुणीही धरू शकतं, तरी मावशी तिथे उभी असायची आणि तळवे कानांवर ठेवायची. मला वाटतं, नातीला एवढा वेळ हात लावायला तिला तेवढीच जागा उरली होती. डाग बराच फिका झाला. कापडावर सांडलेला चहा तीनचारदा धुतल्यावर दिसतो तेवढा राहिला. व्रण गेला नाही. तो लेसरने जात नाही.

शेवटच्या खेपेनंतर सूनबाईने मॅडमचे हात धरले. तिला रडू फुटलं. मॅडम म्हणाल्या, "माझे काय आभार मानतेस? हिचे मान." सूनबाईने मावशीकडे पाहिलं. मग वळून मुलीच्या डोक्याला रुमाल बांधायला लागली. मावशीने घाईघाईने चादर उचलली आणि म्हणाली, "जा, तिला ऊन लागू देऊ नका." मी तिच्या बाजूने बोलायला हवं होतं, असं मला पुढे किती वेळा वाटलं. पण काय बोलणार होते? दोघींचं बरोबर होतं, आणि दोघींचं चुकलं होतं.

पुढच्या वर्षी मावशी निवृत्त झाली. समारंभात मॅडम चांगलं बोलल्या. मुलगा आला होता. त्याने विचारलं, "आता घरी चल ना." ती म्हणाली, "बघू." गेली नाही. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा मुलाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक खोली घेतली. मी अधूनमधून जाते. आता कोण धरतं, कसं धरतं, असं ती विचारते, आणि मी उत्तर द्यायच्या आत विषय बदलते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे बसले होते, तर सूनबाई मुलीला घेऊन आली. पंधरा दिवसांतून एकदा येते, काही ना काही डब्यात घेऊन. भांडण असं आता राहिलेलं नाही. मुलगी सहा वर्षांची झाली आहे. जाड भिंगांचा चष्मा, दोन वेण्या, शाळेचं दप्तर. रडली वगैरे काही नाही. दारात थांबून चपला नीट लावल्या आणि आईचा हात धरून खुर्चीवर बसली. मावशीने बिस्किटं पुढे केली, तिने एक उचललं आणि शहाण्या मुलीसारखं थँक्यू म्हटलं. शाळेत काय शिकवलं, बाई कशा आहेत, यांची उत्तरंही दिली, पण आईकडे बघून.

मावशी चहा टाकायला उठली. तेवढ्यात मुलीने आईच्या कानाशी तोंड नेलं. कुजबुज तिची, पण खोली एवढीशी.

"आई, अजून किती वेळ बसायचं या बाईंकडे? मग आजीकडे जायचंय ना आपल्याला?"

आजी म्हणजे तिच्या आईची आई. सूनबाईचा चेहरा उतरला. "अगं, याही आजीच—" असं ती म्हणायला लागली.

मावशीची पाठ आमच्याकडे होती. "राहू दे गं," ती म्हणाली, "तिला उशीर करू नकोस." आणि टाकलेल्या साडेतीन कपांपैकी त्या दोघींचं दीड कप पाणी तिने परत काढून घेतलं.